खुलासा: पावसाळाभर ‘फोर-हाय’ नको
‘खानापूर, जांबोटी, चोर्ला भागात पावसाळाभर पिकअप फोर-हायमध्येच ठेवा’ हा सध्या फिरणारा सल्ला चुकीचा आहे. फोर-हाय म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारा मोड. बहुतेक पिकअपना मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. लाल चिखलात ती घसरून हा फरक भरून काढतात. डांबर ओलं असलं तरी पकड बरीच असते, तिथे तसं होत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, टायर झिजतात, ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) ताण साठतो आणि गाडी टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) यायलाच तयार नसते. तेव्हा जोर लावू नका, सरळ रेषेत २-३ मीटर रिव्हर्स घ्या, बहुधा सुटते. टू-हायवरून फोर-हाय चालत्या गाडीतही लागतो, पण चाकं सरळ हवीत आणि वेग मॅन्युअलमधल्या मर्यादेत. फोर-लोसाठी (चारही चाकांना जास्त जोर, कमी वेग) मात्र गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रल करा, क्लच दाबा.