संगीत रजनी अशी करा की अख्खी सोसायटी जागी राहील

आजूबाजूला सोसायट्या, एका अंगाला नदीपात्र आणि मध्ये मोकळं लॉन अशी जागा मिळाली, की अर्धं काम फत्ते. आता स्टेजचं तोंड थेट बाल्कन्यांकडे करा. नदीपात्राकडे केलंत तर एवढा भाड्याने आणलेला आवाज बगळ्यांच्या कामी येईल. समोर चाळीस मीटरवर काँक्रीटची इमारत असेल तर दुधात साखर: गायकाला आपलाच शब्द पाव सेकंदाने परत ऐकू येतो. कोरसचे पैसे वाचले.

स्पीकरच्या दोनच थप्प्या लावा, स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून जाणती मंडळी मैदानात मागे छोटे डिले स्पीकर (तोच आवाज किंचित उशिरा सोडणारे) लावून पुढचा आवाज आटोक्यात ठेवतात. तुम्ही त्या फंदात पडू नका. शेवटच्या रांगेला ऐकू यावं म्हणून पहिल्या रांगेच्या छातीत धडधड व्हायलाच हवी.

खरी करामत बेसमध्ये, म्हणजे जाड, खोल आवाजात आहे. बेसच्या तीन स्पीकरपैकी, म्हणजे सबवूफरपैकी, एकाचं तोंड मागे वळवून, त्याची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटवून मोजका डिले दिला, तर स्टेजच्या मागे जाणारा बेस चांगलाच दबतो. जास्तीचं भाडं शून्य; साउंडवाल्याची अर्धा तास डोकेफोड, बस्स. म्हणूनच त्याला तो अर्धा तास देऊ नका, दुपारभर सत्कारांची यादी वाचायला लावा. रहिवाशांनी कुरकुर केलीच तर पत्रे ठोकून द्या. ५० हर्ट्‌झची बेसची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. तुमच्या आठ फुटी पत्र्याला ती वळसाही घालत नाही, नुसती ओलांडते. वर पत्रा थरथरून साथ देतो ते वेगळंच.

मोजायला कुणी आलंच, तर आवाजाचा मीटर ‘ए’ मोजणीवर (कानाला कमी जाणवणारे जाड आवाज कमी धरणारी मोजणी) ठेवायचा आग्रह धरा. नियमातली मर्यादाही त्याच मोजणीत आहे, त्यामुळे कुणाला हरकत घेता येत नाही. याच मोजणीत ५० हर्ट्‌झचा आवाज तब्बल ३० डेसिबल कमी धरला जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या कपाटात कपबशा किणकिणत असतात आणि आकडा मात्र सोज्वळ.

आकड्यावरून आठवलं. ‘७५ डेसिबलपर्यंत चालतं’ असं छातीठोक सांगत चला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत मैदानाच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते धरायचं असतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हिशेब ६५ वरच संपतो. पण ‘यांतलं जे कमी ते’ इथपर्यंत परवानगीचा कागद वाचतो कोण?

राहिली रात्री दहाला स्पीकर बंद करायची वेळ. एकेकाळी पहाटेपर्यंत रंगणारा सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा या नियमापुढे झुकला, आणि उघड्यावरचे उत्तररात्रीचे राग पोरके झाले. त्यांच्याकडे तानपुरे होते, तुमच्याकडे नगरसेवक आहेत. रात्री बारापर्यंतची सवलत राज्याला वर्षातून फार तर १५ दिवस देता येते. त्यात आपला दिवस बसतो का, ते विचारूच नका. ९.५८ ला ‘लास्ट साँग’ जाहीर करा आणि अकरा मिनिटांची मेडली धरा.

त्यानंतर एक वाजता लोखंडी पाइप उंचावरून टेम्पोत टाकायला घ्या. आणि टेम्पो रिव्हर्स घेताना त्याची धून बंद करू नका. अख्ख्या रात्रीत सुरात वाजलेली तीच एक.