दिसंना काहीच, आणि म्हणे फॉरमॅट मारा!

कॉम्प्युटर पूर्ण बंद पडला तर मला एवढा राग येत नाही. यंत्र आहे, बिघडणारच. डोकं फिरतं ते अर्धवट जिवंत राहणाऱ्या कॉम्प्युटरनं. बटण दाबलं की आत पंखे गरागरा फिरायलेत, कॅबिनेटमधली लायटिंग जत्रेतल्या पाळण्यागत नाचायलीय, आणि मॉनिटर म्हणतोय ‘नो सिग्नल’. तेवढं सांगून तोही झोपतो. इकडं शिरोली एमआयडीसीतनं फौंड्रीवाल्याचा फोनवर फोन, “मालक, पॅटर्नचं ड्रॉइंग कवा देताय?” कोल्हापूरच्या उद्यमनगरात बसून ओतकामाच्या पॅटर्नची ड्रॉइंग करतो मी. ड्रॉइंग कॉम्प्युटरात, कॉम्प्युटर माझ्यासमोर चालू, आणि तरी मला काही दिसंना!

बरं, मशीनचं एक वेळ सोडा. त्याच्यावर सल्ले देणाऱ्यांचं काय करायचं?

पहिला सल्ला प्रत्येकाचा तोच. “विंडोज उडालंय, फॉरमॅट मार.” अरे भावा, विंडोजचा इथं संबंध काय? बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डाचा बायोस, म्हणजे बोर्डातच भरलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, प्रोसेसर, रॅम आणि पडद्यावर चित्र पाठवणारं ग्राफिक्स तपासतो, कंपनीचा लोगो दाखवतो, आणि त्याच्यानंतर विंडोजचा नंबर येतो. हार्ड डिस्क काढून खिशात टाकली तरी लोगो दिसायला पाहिजे, बायोसमध्ये जाता आलं पाहिजे. मला लोगोच दिसत नाही तर फॉरमॅट मारू कशावर, भिंतीवर? आणि फॉरमॅट मारलं की डिस्क कोरी, त्या डिस्कमध्ये माझी सगळी ड्रॉइंग आहेत हे ह्यांच्या गावीही नाही.

दुसरा शहाणा, “मॉनिटर गेलाय, नवा घे.” मॉनिटर गेला असता तर ‘नो सिग्नल’ हे कोण दाखवायलंय? मी हॉलमधला सेट टॉप बॉक्स उचलून आणला, तीच एचडीएमआय केबल त्याला लावली, चित्र झक्कास आलं. म्हणजे मॉनिटर पास, केबल पास. मॉनिटरचा इनपुटही बघितला, तो नीट एचडीएमआयवरच होता. (ते इनपुटचं बटण मॉनिटरच्या बुडाखाली लपवणाऱ्याला एकदा हातानं चाचपडत बसवलं पाहिजे.)

तिसरा आमचा मेव्हणा. “दाजी, केबल ग्राफिक्स कार्डातनं काढून बोर्डाच्या पोर्टला लावा की.” लावून काय होणार? माझा प्रोसेसर आय ५-१२४००एफ. शेवटी ‘एफ’ आहे म्हणजे त्याच्यात ग्राफिक्स नाहीच. बोर्डाचं एचडीएमआय पोर्ट ह्या प्रोसेसरवर मुकं. रायझेन प्रोसेसरवाल्यांचंही तेच, ५६००जी असेल तर चित्र येतं, साध्या ५६०० ला कार्ड लागतंच. मेव्हण्यावर राग नाही माझा, राग बोर्ड करणाऱ्यांवर आहे. पोर्ट देताय तर शेजारी एक ओळ छापा की, ‘प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच’. एका ओळीला कितीशी शाई लागती?

आणि पूर्वी बोर्ड निदान बोंबलायचा तरी. रॅममध्ये घोळ असेल तर पीप पीप करून सांगायचा. आता बोर्डावर स्पीकरच्या पिना आहेत, पण कॅबिनेटबरोबर स्पीकरच येत नाही. प्रत्येक पंख्याला सप्तरंगी दिवे, आणि काय बिघडलंय ते सांगणारा शेंगदाण्याएवढा स्पीकर मात्र परवडंना!

तरी नशीब, माझ्या बोर्डाच्या कडेला चार बारके दिवे आहेत. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, डीरॅम म्हणजे रॅम, व्हीजीए म्हणजे ग्राफिक्स, आणि बूट म्हणजे विंडोज असलेली डिस्क. जिथं गाडी अडती तिथला दिवा लागून राहतो. माझा डीरॅमचा लागलेला. चक्क लिहून दिलंय बोर्डानं, रॅमपाशी अडकलोय म्हणून. पण काम अडलेलं, म्हटलं जाणकार माणसाला दाखवू. भर पावसात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून तो डबा राजारामपुरीत नेला, जिथनं घेतला त्याच दुकानात.

काउंटरवरच्या गड्यानं झाकणसुद्धा काढलं नाही. काचेतनं डोकावला आणि निकाल दिला, “बोर्ड गेलाय साहेब. आता ह्यो बोर्ड मिळत नाही, प्रोसेसर-रॅम सगळं नवीन टाकूया.” मी म्हटलं, “अहो, तो डीरॅमचा दिवा लागलाय बघा.”

“ती शोची लाइट असती, साहेब.”

शोची लाइट! रोज दहा मशीन जोडून विकणारा माणूस, आणि बोर्डावर छापलेलं नाव त्याला शो वाटतंय. वर चेकिंग चार्ज घेतला. कशाचा? डोकावल्याचा?

तसाच घरी आणला. प्लग काढला, पॉवरचं बटण दाबून धरलं, दोन्ही रॅम काढल्या, त्यांच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात ह्या पट्ट्या काळवंडतात, म्हणून आधी ते. फरक शून्य. बायोस रिसेट करायला बटण सेल काढायचा, सीआर २०३२, तर तो बरोब्बर ग्राफिक्स कार्डाच्या खाली. म्हणजे आधी कार्ड उपसा. तेही केलं. दिवा तिथंच.

मग एकेक रॅम घालून बघितली, प्रोसेसरपासनं दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही टोकं कट्ट वाजेपर्यंत दाबून. एक घातली, दिवा तसाच. ती काढून दुसरी घातली, आणि पडदा काळाच. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा बोर्ड जरा वेळ खातो, डीडीआर ५ ह्या नव्या पिढीची रॅम असेल तर काही मिनिटंसुद्धा, आणि तेवढ्यात लोक घाबरून बटण दाबून बंद करतात. म्हणून हात बांधून बसलो. लोगो आला. विंडोज आलं. ड्रॉइंग जिथल्या तिथं. बोर्ड ठणठणीत, प्रोसेसर ठणठणीत, मेली होती ती एक रॅम!

म्हणजे त्या गड्याचं ऐकलं असतं तर एका रॅमपायी चांगला बोर्ड आणि चांगला प्रोसेसर त्याच्या काउंटरवर सोडून आलो असतो. त्याचं पुढं काय झालं असतं हे मी सांगायला नको.

सध्या निम्म्या रॅमवर काम रेटायलोय. मोठी असेंब्ली, म्हणजे बरेच भाग जोडलेलं ड्रॉइंग, उघडायची म्हटली की चहा पिऊन यावा लागतोय. रॅम वॉरंटीत आहे, पण बिल त्याच दुकानाचं, म्हणजे ती बदलून घ्यायला उद्या परत त्याच्याच दारात. झाकण न काढता तो हिचं काय चेकिंग करतोय ते बघायचंय मला. आणि मागचा चार्ज तिथंच वळता करून घेणार आहे, सोडतोय होय!