मॅट क्रोम ‘कामाचे’, चकचकीत क्रोम ‘दिखाऊ’: हा भेद कितपत खरा?

नट-बोल्ट फिरवायचे पाने यांसारख्या हातहत्यारांवरच्या क्रोमच्या मुलाम्याबद्दल (चकचकीत किंवा मॅट, म्हणजे चमक नसलेला) एक विधान सर्रास पुढे पाठवले जाते: ‘चकचकीत क्रोमचे पाने दाखवायला, मॅट क्रोमचे वापरायला, मॅटचा थर जाड असल्याने तो सोलत नाही, त्यावर गंज चढत नाही, तेलकट हातातून ते निसटत नाहीत आणि ते मजबूतही असतात.’ यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही.

जाडीचा दावा आधी पाहू. पान्यावरचा क्रोमचा थर, मॅट असो वा चकचकीत, साधारणपणे अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो. त्याखालचा निकेलचा थर मात्र त्याच्या कित्येक पट, बहुधा ५ ते ३० मायक्रॉन जाड असतो. इतका पातळ क्रोम खालच्या पृष्ठभागाचे रूप जसेच्या तसे उचलतो. पोलाद घासून-पॉलिश करून त्यावर चकचकीत निकेल चढवले, तर क्रोम आरशासारखा दिसतो. त्याच पोलादावर काचेच्या बारीक मण्यांचा मारा केला, किंवा निकेलच्या द्रावणातच चमक मोडणारी द्रव्ये घातली, तर तोच क्रोम मॅट दिसतो. त्यामुळे मॅटपणावरून थराच्या जाडीबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही.

गंजाच्या दाव्यात गफलत अधिक खोल आहे. क्रोमच्या थरात सूक्ष्म भेगा आणि छिद्रे असतात, त्यामुळे पोलादाला खरे संरक्षण निकेल देते. परंतु निकेल जस्तासारखे स्वतः झिजून लोखंड वाचवत नाही; ते लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्याने, त्याच्या थरात पोलादापर्यंत जाणारे छिद्र राहिले, तर त्या जागी पोलाद उलट लवकर गंजते. आता पृष्ठभाग खरखरीत असेल, तर तेवढ्याच जाडीच्या निकेलमध्ये छिद्रे राहण्याचा संभव वाढतो, आणि त्या खाचांत घाम, मीठ, ओलावाही अधिक अडकतो. म्हणजे इतर सर्व गोष्टी समान असतील, तर गंजाच्या बाबतीत मण्यांच्या माऱ्याने केलेला मॅट पाना किंचित मागेच पडावा. व्यवहारात मात्र इतर गोष्टी क्वचितच समान असतात: जाड, दुहेरी (दोन थरांच्या) निकेलवरचा मॅट पाना पातळ निकेलवरच्या चकचकीत पान्यापेक्षा कितीतरी अधिक टिकेल, आणि ही जाडी डोळ्यांना दिसत नाही.

पकडीच्या दाव्यात थोडे तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. हात कोरडे किंवा जेमतेम तेलकट असतील, तर मॅट पृष्ठभाग अधिक आश्वासक वाटतो. पण त्याचा खरखरीतपणा काही मायक्रॉनचाच असतो, आणि ग्रीसचा थर त्याहून जाड बसला की खाचा भरून जातात. तेव्हा पकड ठरते ती दांड्याच्या आकारावर, त्याच्या कडांवर, आणि खरवड (पकडीसाठी दांड्यावर मुद्दाम कोरलेली खरखरीत नक्षी) काढलेली असेल तर तिच्यावर. शिवाय चकचकीत पाना फडक्याच्या एका पुसण्यात स्वच्छ होतो, मॅटच्या खाचांतले काळे ग्रीस मात्र चिकाटीने राहते. बोटांचे ठसे मॅटवर कमी दिसतात, एवढेच.

मजबुतीबद्दल फारसे बोलण्यासारखे नाही. ती पोलादाच्या मिश्रणावर, घडाईवर आणि उष्णताप्रक्रियेवर अवलंबून असते. पान्यावर कोरलेले ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे आतल्या पोलादाचे नाव आहे, वरच्या मुलाम्याचे नव्हे. दोन्हींत ‘क्रोम’ आल्यामुळे गोंधळ होतो, असे मला वाटते.

मॅटचा निर्विवाद फायदा या विधानात आलेलाच नाही: प्रखर दिव्याखाली किंवा उन्हात तो प्रकाश विखुरतो, त्यामुळे डोळ्यांवर तिरीप येत नाही. माझ्या मते मॅट निवडण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे, जरी सतत घासल्या जाणाऱ्या जागी तो कालांतराने गुळगुळीत होऊन चमकू लागतो.

सोलण्याचे म्हणाल, तर मुलामा सुटतो तो मुख्यतः प्लेटिंगपूर्वी पोलाद नीट स्वच्छ न केल्याने किंवा हत्यारावर आघात झाल्याने, आणि ही दोन्ही कारणे मॅट-चकचकीत असा भेद पाळत नाहीत. म्हणूनच इम्पॅक्ट रेंचचे (ठोके देत नट-बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राचे) सॉकेट बहुधा क्रोमऐवजी काळ्या फॉस्फेट किंवा ऑक्साइडच्या लेपाचे असतात. कोणत्याही क्रोमचा पापुद्रा निघू लागला, तर त्याची कड पात्यासारखी धारदार असते आणि ती हात कापते. असा पाना वापरातून काढून टाकावा.