अर्धा किलो ओट्स

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. मोठं पातेलं, आत लापशीसारखं काहीतरी, वर वाफ. खाली लिहिलं, 'ओटमील स्टाउट, वीस लिटर, घरगुती.' म्हणजे ओट्स घातलेली काळी बिअर. वाटलं, चार अंगठे येतील, गेला बाजार मामेभावाचं 'पार्सल कर' तरी येईल. आलं ते नानाकाकांचं उत्तर. 'अन्न हे पूर्णब्रह्म म्हणायचं आणि त्याचीच दारू गाळायची. छान.'

त्या 'छान'नं आठवडाभर माझं डोकं खाल्लं.

पहिली गोष्ट, बिअर गाळत नाहीत. गाळतात ती हातभट्टीची. बिअर आंबवतात, इडलीच्या पिठासारखी. पण हे नानाकाकांना सांगणार कोण? आपल्याकडे हा वाद दर काही वर्षांनी नवे कपडे घालून येतो. २००७ साली ज्वारी-बाजरीपासून मद्य काढणाऱ्या कारखान्यांना सरकारनं उत्तेजन द्यायचं ठरवलं, तेव्हा पुढची दोन-तीन वर्षं हेच चाललं होतं. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचं ठरलं, तर अण्णा हजारे उपोषणाला निघाले. इकडे ब्रिटनमध्ये, मी राहतो तिथे, १९६३ पासून घरी बिअर करायला कुणाला विचारावं लागत नाही, विकली नाही म्हणजे झालं. आणि आपल्या १९४९ च्या कायद्यानुसार घरी बिअर करणं सोडाच, पिणाऱ्यालाही परवाना लागतो. तो खिशात बाळगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता त्या अर्ध्या किलोबद्दल. ओट्सना स्वतःहून बिअर होता येत नाही. आपण बाळाच्या नाचणीसत्त्वासाठी नाचणीला मोड आणतो, वाळवतो, दळतो, तेच इथे जवाचं करतात आणि त्याला माल्ट म्हणतात. माझी आई हे काम वर्षानुवर्षं करत आली, फक्त तिनं शेवटी दूध घातलं. तो माल्ट सहासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की मोडातली पाचकद्रव्यं पिठाची साखर करतात. चपटे ओट्स वाफवून लाटलेले असतात, त्यांच्यात ती ताकद उरलेली नसते. ते लग्नातल्या व्याह्यासारखे जवाच्या जिवावर येतात आणि बिअरला साय आल्यासारखा गुळगुळीतपणा देऊन मान खातात.

हा गुळगुळीतपणा बराचसा बीटा-ग्लुकानचा. म्हणजे ज्या चिकट द्रव्यासाठी पुण्यातले डॉक्टर कोलेस्टेरॉलवाल्यांना ओट्स खायला सांगतात, तेच. नानाकाका रोज सकाळी हळद-मोहरीची फोडणी देऊन हेच खातात. तिथे ते औषध आणि इथे पाप!

पहिल्या वेळी मी हावरटपणा केला. साडेतीन किलो माल्टला दीड किलो ओट्स. मी सगळं धान्य कापडी पिशवीत घालून भिजवतो आणि शेवटी पिशवी उचलून निथळतो. त्या दिवशी ती निथळेचना. शेवटी श्रीखंडाच्या चक्क्यासारखी स्वयंपाकघरातल्या कपडे वाळत घालायच्या पुलीला टांगली, शेजारी बायकोचे मोजे वाळत होते. रात्री बारापर्यंत थेंब-थेंब चालू होतं. तेव्हापासून चार किलोला अर्धा किलो, त्याच्या वर नाही. चोथ्याचं थालीपीठ करतो. जरा कोंडा लागतो दाताला, पण जातं.

आणि एक करतो. ओट्स आधी ओव्हनमध्ये खरपूस भाजून घेतो. पाककृतीत हे असायलाच हवं असं नाही. पण एडिनबरोच्या लीथ भागातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात ऑक्टोबरच्या संध्याकाळी चार दाणे तांबूस झाले की थेट भाजणीचा वास सुटतो. वीस मिनिटं सातारा. मग खिडकी उघडली की समुद्राचा गार वारा येतो आणि संपतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहिलं ते असं: 'इथे लोक जबाबदारीनं पितात, म्हणून सरकार विश्वास ठेवतं.' दहा मिनिटांत मामेभावानं बातमी चिकटवली. २०२३ साली स्कॉटलंडमध्ये दारूमुळे १,२७७ माणसं गेली, पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीत. आकडा मला माहीत होता. दारूच्या एका युनिटची, म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलची, किमान किंमत पन्नासवरून पासष्ट पेन्सवर का नेली, तेही माहीत होतं. शनिवारी रात्री लीथ वॉकवर मी कुणाकुणाला वळसा घालून घरी येतो, तेही. मी ते वगळलं होतं, कारण वादात जिंकायचं होतं.

मग आत्याचा फोन आला. ती रागावली नव्हती. म्हणाली, 'अरे, बहात्तरच्या दुष्काळात नाना चौदाचा होता. माणला खडी फोडायला जायचा. मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी, नाहीतर कामावर मिळायची ती सुकडी. अर्धी खिशात घालून आमच्यासाठी आणायचा. त्याला अन्नाचं काही शिकवू नकोस.' मी नंतरच्या सुकाळात जन्मलेला. मला मिलो म्हटलं की डब्यातली चॉकलेटची पावडर आठवते.

खरं सांगायचं तर त्या चाळीस बाटल्यांतल्या मी आठ-दहा पितो. बाकीच्या जिन्यातल्या आठ घरांत वाटतो. पहिल्या दिवाळीत याच दारांवर चकल्या घेऊन गेलो होतो. सगळे 'लव्हली' म्हणाले, ताटल्या धुऊन परत आल्या, पुढे काही नाही. स्टाउट दिली त्या वर्षी होगमनीला, म्हणजे इथल्या ३१ डिसेंबरच्या रात्री, तळमजल्यावरच्या बाईंनी स्वतः येऊन दार वाजवलं. अकरा वर्षांत मला इथे जी काही ओळख आहे, ती चकलीची नाही. हे नानाकाकांना कसं सांगू? वैयक्तिक स्वातंत्र्य, कायदा, मागासलेपणा, हे सांगायला फार सोपं.

शेवटी मीच फोन केला. बराच वेळ पावसाचं बोललो. मग ते म्हणाले, 'तुमच्या त्या ओट्सची भाकरी होते का रे?'

मी म्हटलं, 'होते की. गरम पाण्यात पीठ भिजवतात, मीठ, जरा चरबी, आणि तव्यावर. ओटकेक म्हणतात.'

'म्हणजे भाकरीच.'

'हो, भाकरीच.'

'मग दारूला का घालतात?'

'खाऊन उरतं ना, काका.'

पलीकडे टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. त्यांनी आवाज कमी केला.

'एवढं उरतं?'