‘कंपन्या सांगतील तोच आकडा’: एका संदेशाची तपासणी

नागपुरातील व्यापारी, वाहतूकदार आणि निवृत्त कर्मचारी यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक लांबलचक संदेश वारंवार फिरत आहे. देशात पेट्रोल-डिझेल किती आहे याची सरकारकडे स्वतःची मोजणी नाही, तेल कंपन्या जे सांगतात तेच मंत्रालय छापते, हा त्याचा मुख्य दावा. त्याच्या पुष्ट्यर्थ चार गोष्टी सांगितल्या आहेत: अमेरिकेत सरकारी निरीक्षक स्वतः टाक्या मोजतात, आपल्याकडे एकदा जाहीर झालेला आकडा पुढे बदलतो, पावसाळ्यात डिझेलचा खप मुद्दाम कमी दाखवला जातो, आणि ७४ दिवसांचा साठा असल्याचे सांगणाऱ्या देशात जानेवारी २०२४ मध्ये नागपूरचे पंप दोन दिवसांत कोरडे पडले. सबब हे आकडे गोळा करणारा विभागच बंद करावा, अशी मागणी शेवटी केली आहे. संदेशातील काही निरीक्षणे खरी आहेत, परंतु त्यांवरून काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत.

मुख्य दाव्याचा अर्धा भाग मान्य करावाच लागेल. माहिती कंपन्यांकडूनच येते, कारण तेल त्यांच्याच टाक्यांत, नळवाहिन्यांत आणि टँकरांत असते. मात्र ती ‘त्या सांगतील तशी’ येते, हे खरे नाही. १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ३ मध्ये केंद्र सरकारला जे अधिकार दिले आहेत, त्यांत माहिती व सांख्यिकी गोळा करणे आणि हिशेबाची पुस्तके तपासणीसाठी मागवणे हे दोन्ही अधिकार स्वतंत्र उपकलमांनी नमूद आहेत. त्याच कायद्याच्या कलम ९ नुसार जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पेट्रोलियम पदार्थांचे उत्पादन, साठवण आणि पुरवठा यांविषयीचा १९९९ चा आदेश याच कायद्याखाली काढलेला आहे. म्हणजे कंपनीने भरलेला तक्ता हा सौजन्याने दिलेला कागद नसून कायद्याने बांधलेले निवेदन असते.

आकडे गोळा करण्याचे हे काम आज पेट्रोलियम मंत्रालयाचा ‘पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष’ करतो; संदेशातील ‘विभाग’ तो हाच. त्याआधी ‘तेल समन्वय समिती’ होती. ती १९७५ मध्ये स्थापन झाली. किमती सरकार ठरवत असे त्या काळात कंपन्यांना मिळणारी भरपाई याच आकड्यांवर अवलंबून होती, त्यामुळे समितीला प्रत्येक शुद्धीकरण कारखान्याचा आणि प्रत्येक पदार्थाचा हिशेब ठेवणे भाग होते. ३१ मार्च २००२ रोजी ती किंमतव्यवस्था संपली, समिती विसर्जित झाली आणि १ एप्रिल २००२ पासून कक्षाचे काम सुरू झाले. सरकारी कंपन्यांबरोबर जामनगर आणि वाडीनार येथील खासगी कारखान्यांची आकडेवारीही त्यात येते.

आता प्रश्न उरतो तो असा, की कायद्याचा धाक असूनही एखाद्या कंपनीने चुकीचा आकडा दिला तर तो पकडला कसा जाणार? संदेशाचा लेखक येथे थांबतो, आणि खरी गोष्ट येथूनच सुरू होते. भारत आपल्या गरजेच्या सुमारे ८८ टक्के कच्चे तेल आयात करतो. ते बंदरात उतरते तेव्हा सीमाशुल्क खात्याकडे त्याची नोंद होते, आणि त्या नोंदींवरून कोलकात्याचे वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालय आयातीचे वेगळे आकडे तयार करते. कारखान्यात किती कच्चे तेल शिरले आणि त्यातून पेट्रोल, डिझेल, नाफ्था, घरगुती गॅस किती निघाला, कारखान्याने स्वतः इंधन म्हणून किती जाळले व किती घट झाली, यांचा ताळेबंद जुळावा लागतो. पेट्रोल व डिझेल अजून वस्तू व सेवा कराबाहेर आहेत. त्यामुळे माल कारखान्यातून बाहेर पडताना त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क लागते आणि राज्यात विक्री होताना मूल्यवर्धित कर लागतो. बोरखेडीसारख्या डेपोतून नागपूरच्या पंपाकडे निघालेला टँकर राज्याच्या करखात्याच्या हिशेबात आपली खूण ठेवूनच जातो. सरकारी कंपन्यांच्या हिशेबांवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे पूरक लेखापरीक्षण होते ते वेगळेच. जास्त विक्री दाखवायची तर न झालेल्या विक्रीवर कर भरावा लागेल, आणि कमी दाखवायची तर करचुकवेगिरी करावी लागेल. केवळ आकडा सुशोभित करण्यासाठी एवढा उद्योग कोणी करेल, हे मानणे कठीण आहे.

या व्यवस्थेवर घेता येण्याजोगा एक आक्षेप संदेशात आलाच नाही. कक्षात काम करणारे अनेक अधिकारी सरकारी तेल कंपन्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात, आणि कक्षाचा खर्च तेल उद्योग विकास मंडळाच्या निधीतून होतो. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच क्षेत्रातून तपासणारे यावेत, याबद्दल कोणी शंका उपस्थित केली तर ती रास्त ठरेल. तेलाच्या तक्त्यातील बारकावे कळणारी माणसे दुसरीकडे सहज मिळत नाहीत हे खरे असले, तरी तो सोयीचा मुद्दा झाला, स्वायत्ततेचा नव्हे.

अमेरिकेविषयीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. तेथील ऊर्जा माहिती प्रशासनाचे निरीक्षक टाक्यांमध्ये काठ्या बुडवत फिरत नाहीत. शुद्धीकरण कारखाने, साठवण टर्मिनले, नळवाहिन्या आणि आयातदार यांनी ठरावीक नमुन्यातील तक्ते भरून द्यायचे असतात आणि १९७४ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे. शुक्रवारी सकाळी संपणाऱ्या आठवड्याचा तक्ता सोमवारी सायंकाळपर्यंत पोहोचवावा लागतो आणि एरवी बुधवारी सकाळी साडेदहाला अहवाल प्रसिद्ध होतो. या व्यवस्थेचा उगमही संशयातच आहे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यानंतर पंपांवर रांगा लागल्या तेव्हा, कंपन्या माल दडवून टंचाई भासवत आहेत काय, असा प्रश्न लोकांनी विचारला. आणि साप्ताहिक आकड्यांसाठी तेथील सरकारला प्रामुख्याने उद्योगाच्याच संघटनेकडे पाहावे लागत होते. पुढे १९७७ मध्ये हे प्रशासन कायद्याने स्थापन झाले आणि त्याचे आकडे प्रसिद्ध करण्यापूर्वी सरकारातील अन्य कोणाची मंजुरी घेण्याची गरज उरली नाही. म्हणजे संशयावर त्यांनी शोधलेले उत्तर कंपन्यांना वगळण्याचे नव्हते. कंपन्यांची माहिती सक्तीची करावी, ती गोळा करणारा स्वतंत्र असावा आणि हिशेबात न जुळणारा फरक झाकून न ठेवता वेगळ्या ओळीत छापावा, असे ते उत्तर होते. कच्च्या तेलाच्या पुरवठ्याच्या तक्त्यात अशी ओळ तेथे आजही असते. आपल्याकडे अनुकरण करायचेच तर ते या ओळीचे करावे.

आकडे बदलतात, ही तक्रारही अमेरिकेच्या उदाहरणाने दूर व्हायला हरकत नाही. तेथील साप्ताहिक आकडा निवडक कंपन्यांच्या नमुन्यावरून काढलेला अंदाज असतो, मासिक आकडा सर्व कंपन्यांच्या तक्त्यांवरून सुमारे दोन महिन्यांनी येतो आणि वार्षिक आकडा त्याहून उशिरा अंतिम होतो. भारतात महिन्याच्या पहिल्या एक-दोन तारखांना वर्तमानपत्रांत जे ‘डिझेलची विक्री इतके टक्के वाढली’ असे वृत्त येते, ते केवळ तीन सरकारी विपणन कंपन्यांच्या तात्पुरत्या विक्रीचे असते. कक्षाचा आकडा नंतर येतो व त्यात खासगी कंपन्या आणि थेट आयातही धरलेली असते. ही दोन भिन्न मोजमापे आहेत. एकाच मोजमापात केलेला फेरफार नव्हे.

या दोहोंत किती अंतर पडू शकते, हे २०२२ च्या पूर्वार्धात दिसले. आंतरराष्ट्रीय भाव चढले असताना सरकारी पंपांवरील दर त्या मानाने वाढलेले नव्हते. घाऊक ग्राहकांसाठीचा डिझेलचा दर मात्र मार्चमध्ये पंपापेक्षा लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी जास्त झाला, आणि खासगी कंपन्यांनी तोटा टाळण्यासाठी विक्री आवरती घेतली. परिणामी घाऊक ग्राहक आणि खासगी पंपांचे गिऱ्हाईक असे दोघेही सरकारी पंपांकडे वळले. केवळ तीन कंपन्यांचा आकडा पाहणाऱ्याला देशाचा खप एकाएकी उसळल्यासारखा वाटला असता. वस्तुतः त्यातील बराचसा भाग ग्राहकांच्या स्थलांतराचा होता. काही भागांत पंपांवर माल कमी पडू लागल्यावर केंद्राने त्या वर्षीच्या जूनमध्ये सर्व किरकोळ पंपांना सार्वत्रिक सेवेचे, म्हणजे सर्व ग्राहकांना इंधन देत राहण्याचे, बंधन लागू केले. हे सर्व कळते ते एकूण आकडा, पंपांवरील किरकोळ विक्री आणि घाऊक ग्राहकांना होणारी थेट विक्री शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावरच.

पावसाळ्यातील घसरणीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. विदर्भात राहणाऱ्याने तरी हा प्रश्न विचारू नये. जूनमधील नांगरणी-पेरणी आटोपली की ट्रॅक्टर थांबतात, पाऊस लागला की डिझेलवरील सिंचनपंप बंद होतात, रस्त्यांची व इमारतींची कामे मंदावतात आणि कोळशाच्या खुल्या खाणींतील डंपरही कमी धावतात. जुलै ते सप्टेंबर या काळात डिझेलचा खप मे महिन्यापेक्षा खाली येतो, हा दरवर्षीचा क्रम आहे. म्हणूनच जाणकार आकड्याची तुलना मागील महिन्याशी न करता मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी करतात.

राहिला ७४ दिवसांचा मुद्दा, आणि तो सर्वांत जास्त लोकांना पटतो. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत, अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला कडक शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेतील तरतुदीविरुद्ध ट्रक व टँकरचालकांनी संप केला. नागपुरात पंपांपुढे लांबच लांब रांगा लागल्या आणि काही पंपांवरचा साठा संपला, हे शहराने पाहिलेले आहे. पण ७४ दिवस हा आकडा मुळात कशाचा? पेट्रोलियम मंत्रालयाने संसदेत सांगितलेला हा आकडा देशातील साठवण-क्षमतेचा आहे, हाती असलेल्या मालाचा नव्हे. वीस क्विंटलची कणगी घरात आहे म्हणून तिच्यात वीस क्विंटल ज्वारी असतेच असे नाही. त्या ७४ दिवसांतील सुमारे साडेनऊ दिवस विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथील भूमिगत धोरणात्मक साठ्यांचे आहेत. त्यांची एकत्रित क्षमता ५३.३ लाख टन असून तेथे फक्त कच्चे तेल ठेवतात. बाकीचे दिवस तेल कंपन्यांच्या टाक्यांचे, कच्चे तेल आणि तयार पदार्थ दोन्ही धरून. मंगळुरातील भुयारात असलेले कच्चे तेल नागपूरच्या स्कूटरला त्या दुपारी उपयोगाचे नव्हते, ही गोष्ट संदेश लिहिणाऱ्याने लक्षात घेतलेली नाही.

शिवाय पंपाखालची टाकी या हिशेबात येतच नाही. तेलाच्या सांख्यिकीत कारखाने, नळवाहिन्या आणि डेपो यांच्याकडील माल हा प्राथमिक साठा मानतात. पंपांवरील आणि ग्राहकांच्या टाक्यांतील माल त्यात धरत नाहीत. अमेरिकेतही हीच पद्धत आहे. कक्षाच्या तक्त्यातील ‘खप’ म्हणजे प्रामुख्याने कंपन्यांनी केलेली विक्री, अर्थात डेपोतून डीलरकडे गेलेला माल. टँकर पंपावर खाली झाला की हिशेबाच्या दृष्टीने तो खपला, मग तो वाहनांत चार दिवसांनी का जाईना. त्या संपात डेपोंत माल होता, तो वाहून नेणारे हात थांबले होते. आणि एरवी टाकी अर्धी असतानाच पंपावर जाणारा माणूसही त्या दिवशी काठोकाठ भरून घ्यायला रांगेत उभा होता. २ तारखेच्या रात्री केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदार संघटना यांच्यात बोलणी होऊन चालकांना कामावर परतण्याचे आवाहन झाले, त्यानंतर पुरवठा पूर्ववत होऊ लागला. देशाचा साठाच खोटा असता, तर तो एका बैठकीने भरून निघाला नसता.

‘डेपोतून निघालेले लिटर पंपावर पूर्ण उतरत नाहीत, मग देशाचा आकडा कसा खरा?’ असेही एक वाक्य संदेशात मध्येच आहे. कक्ष आपले आकडे टनांत देतो आणि डीलर डिप घेतो, म्हणजे टाकीत काठी बुडवून माप घेतो, ते लिटरमध्ये. एक टन पेट्रोल म्हणजे सुमारे १,४०० लिटर आणि एक टन डिझेल म्हणजे सुमारे १,२०० लिटर. तापमान दहा अंशांनी बदलले तर २०,००० लिटरच्या टँकरमधील पेट्रोलचे आकारमान सुमारे दोनशे लिटरने बदलते, वजन मात्र तेवढेच राहते. एप्रिल-मेमध्ये नागपूरचे तापमान ज्या पातळीला जाते ती पाहता डीलरची तक्रार काल्पनिक नाही. परंतु ती कंपनी आणि डीलर यांच्यातील व्यवहाराची तक्रार आहे आणि टनांतल्या राष्ट्रीय हिशेबावर तिचा परिणाम होत नाही.

विभाग बंद करण्याची सूचना अमलात आली तर काय होईल, याचा विचार संदेशात नाही. २०२४-२५ मध्ये देशाचा पेट्रोलियम पदार्थांचा खप सुमारे २३.९ कोटी टन होता, त्यापैकी डिझेल सुमारे ९.१ कोटी टन. एवढ्या व्यवहाराचा सरकारी हिशेब थांबला म्हणून तो हिशेब ठेवणारे थांबणार नाहीत. उपग्रह आणि जहाजांचे संदेश यांवरून तेलाची वाहतूक टिपणाऱ्या खासगी संस्था जगात आहेत. त्यांचे आकडे मोठी वर्गणी भरणाऱ्या व्यापाऱ्याला मिळतात, नागपूरच्या वाहतूकदाराला नाही. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २००६ च्या कायद्यात माहितीपेढी राखणे हे मंडळाचे एक कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. २००१ मध्ये सहा आंतरराष्ट्रीय संघटनांनी सुरू केलेल्या तेल-आकडेवारीच्या संयुक्त उपक्रमातही भारत आपली माहिती पाठवतो. विभाग बंद केल्यास या जबाबदाऱ्या संपणार नाहीत, त्या पार पाडणे तेवढे अवघड होईल.

ज्यांना खरोखर जाब विचारायचा आहे त्यांनी साठ्याबद्दल विचारावा. खपाचे, उत्पादनाचे आणि आयात-निर्यातीचे मासिक तक्ते कोणालाही पाहता येतात, परंतु हाती असलेल्या पेट्रोल व डिझेलचा साठा अमेरिकेसारखा दर आठवड्याला आपल्याकडे जाहीर होत नाही. क्षमतेचा आकडा साठा म्हणून फिरतो, याचे एक कारण तेच आहे. कंपन्यांना आपापल्या डेपोंतील दिवसअखेरचा साठा ठाऊक असतो आणि तो मागवण्याचा अधिकार केंद्राकडे १९५५ च्या कायद्याने आधीच आहे. पदार्थनिहाय साठा ठरावीक वारी प्रसिद्ध करण्यासाठी नवी मोजणी उभारावी लागणार नाही.