कॉफीमेकर न धुण्याचे शास्त्र

घरात ठिबक पद्धतीचा कॉफीमेकर आला, की तो अधूनमधून स्वच्छ करावा असा विचार काही उतावळ्या मंडळींच्या मनात येतो. सुजाण वाचकांनी या मोहाला बळी पडू नये. चिकमगळूरच्या एकाच मळ्यातील अरेबिका बियांना पाव किलोमागे पाचशे-सहाशे रुपये आपण हसत मोजले आहेत; आता वाण्याकडून लिंबूसत्त्वाची पुडी आणून आपली पायरी सोडण्याचे काहीच कारण नाही.

आरंभ पाण्यापासून करावा. पुण्याच्या उपनगरात राहत असाल, तर उन्हाळ्यात टँकरने येणारे बोअरवेलचे पाणी तसेच यंत्राच्या टाकीत ओतावे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या काठिण्याची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर 600 मिलिग्रॅम सांगितली आहे; पण टँकरवाल्याला असल्या तपशिलांत शिरण्याची सवय नसते. या यंत्रात पंप नसतो. तापपट्टीखालच्या बारीक नळीत पाणी उकळते आणि वाफेचे बुडबुडेच त्याला वर ढकलतात, त्यामुळे नळीत क्षारांचा थर चढत गेला, की कॉफी उतरायला दुप्पट वेळ लागतो आणि यंत्र घोगऱ्या आवाजात गुरगुरू लागते. पाहुण्यांनी विचारल्यास, कॉफी सावकाश उतरली तरच तिला अंग येते, असे गंभीरपणे सांगावे.

टाकीचे झाकण उघडे ठेवून ती कोरडी होऊ देऊ नये. झाकली मूठ सव्वा लाखाची! आत बुळबुळीत थर धरला असेलही, पण बोट घालून पाहण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही. शनिवारचा चोथा सोमवारपर्यंत गाळणीतच राहू द्यावा. काचेच्या भांड्यावर चढलेला तपकिरी तेलकट थर बिडाच्या तव्यासारखा मुरला आहे, असे म्हणता येते. तव्यावरचे तेल तापून पक्के होते आणि काचेवरचे नुसते खवट होते, हा भेद चारचौघांत काढू नये. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी ‘ताई, हे पण द्या, घासून टाकते’ असे म्हटलेच, तर यंत्र फार नाजूक असल्याचे ठणकावून सांगावे. त्यांचे हात दूर ठेवायला एवढे कारण पुरते. आपले हात तर मुळातच दूर आहेत.

चव बिघडल्यावर दोष आधी बियांना, मग भाजणीला द्यावा आणि अखेर एक महागडा ग्राइंडर मागवावा.

खरा धोका सुट्टीत राहायला येणाऱ्या आत्याबाईंचा. त्या लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवतात, अर्धे पाणी यंत्रातून गेल्यावर ते बंद करून अर्धा तास थांबतात, मग उरलेले पाणी सोडतात, शेवटी दोनदा साधे पाणी फिरवतात आणि भांडे साबणाने लख्ख घासतात. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा एवढे करणाऱ्या माणसाला कॉफीतले काही कळत नाही, असे खुशाल समजावे.

अशा व्यत्ययांतूनही आपण नेटाने वागलात, तर क्षारांच्या थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि एके सकाळी आतला फ्यूज उडतो. तेव्हा माहितीपुस्तिका शोधून वॉरंटीचे पान काढावे. तिथवर जाताना मध्ये स्वच्छतेची काही पाने लागतील, अगदी कोरी करकरीत. ती न वाचताच पुढे जावे.