‘काही सापडलं नाही’ यावर माणसं विश्वास ठेवतात

वेबसाइटच्या मागच्या बाजूचं काम मी करतो, म्हणजे अ‍ॅडमिन पॅनल. ग्राहकाला तो भाग कधी दिसत नाही, पण ऑफिसातल्या माणसांसमोर दिवसभर उघडा असतो. त्यातल्या सर्च बॉक्सबद्दल लिहायचंय. आपण डेव्हलपर मंडळी तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी विचार करून बनवतो, असं माझं ठाम मत झालंय.

मी बनवलेलं पॅनल रोज वापरणाऱ्या एका ताईंशेजारी एकदा तासभर बसलो होतो. त्यांनी सर्चला हातही लावला नाही. एका पानावर ५०० नोंदी दिसतील अशी यादी लावायची, पान लोड होईपर्यंत थांबायचं आणि मग ब्राउझरचं कंट्रोल-एफ. सापडलं नाही की पुढचं पान. असं का करता, विचारलं तर म्हणाल्या, “सर्चमध्ये असलेलं पण मिळत नाही हो. इथे निदान डोळ्यांना दिसतं.”

मी सर्च लावला होता नाव आणि ऑर्डर क्रमांक या दोन रकान्यांवर. त्यांच्याशी फोनवर बोलणारा माणूस मात्र मोबाइलचे शेवटचे चार आकडे सांगायचा, नाहीतर “मागच्या आठवड्यात पैसे भरलेत” एवढंच. ऑर्डर क्रमांक त्याच्या हाताशी कधीच नसायचा. टेबलात काय आहे ते पाहून मी सर्च बनवला होता. शोधणाऱ्याच्या हातात काय असतं, हे विचारायला मी गेलोच नव्हतो.

पण त्याहून घातक असतो तो रिकामा निकाल. ‘काही सापडलं नाही’ असं दिसलं की आपल्याला लगेच शंका येते: स्पेलिंग चुकलं का, एखादा फिल्टर राहिला का? रोजच्या कामात असलेल्या माणसाला ती येत नाही, आणि का यावी? कॉम्प्युटर नाही म्हणतोय म्हणजे नाही. तो नवी नोंद करून मोकळा होतो. मग एकाच ग्राहकाची दोन खाती, एकात पैसे जमा आणि दुसऱ्यात थकबाकी. म्हणून कुठे शोधलं ते तिथेच सांगा: “नाव, मोबाइल आणि ईमेलमध्ये शोधलं. ‘चालू खाती’ हा फिल्टर लागलेला आहे. बंद खात्यांमध्ये ३ नोंदी जुळतात.” आणि त्या ३ नोंदी उघडायचं बटण शेजारीच. जँगो या वेबसाइट बनवायच्या पायथन फ्रेमवर्कच्या तयार अ‍ॅडमिनमध्ये सर्च बॉक्सपाशी सूचना लिहायची सोय ४.० आवृत्तीपासून आहे. एका ओळीचं काम आहे, तेवढं तरी कराच.

‘आणि’ या शब्दाचंही असंच. “रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डरी दाखवा” असं कोणी म्हणतं तेव्हा त्याला दोन्ही ढीग एकत्र हवे असतात. डेटाबेसचा ‘अँड’ एकाच वेळी दोन्ही असलेली ऑर्डर शोधतो आणि रिकामा परततो. हा फरक शिकवायची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकू नये. एकाच रकान्यातल्या दोन खुणा म्हणजे ‘किंवा’, वेगवेगळ्या रकान्यांतल्या म्हणजे ‘आणि’. चेकबॉक्स द्या आणि हे मागच्या मागे सांभाळा.

मराठी नावं असतील तर आणखी एक अडचण. ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: ‘ऱ’ला हलंत जोडून, किंवा साधा ‘र’, हलंत आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, साठवलेली अक्षरं मात्र निराळी, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, तेही त्यांना एक करत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं, साठवताना आणि शोधतानाही. देवनागरी १२३ आणि इंग्रजी 123 या आकड्यांचं तेच. कॉपी-पेस्टमध्ये शेवटी आलेली स्पेस तर काढलीच पाहिजे.

चुकीच्या स्पेलिंगला सांभाळून घेणारा फझी सर्च मला आवडतो, पण अ‍ॅडमिनमध्ये तो जपून वापरावा. इलॅस्टिकसर्च या तयार सर्च इंजिनचं ‘ऑटो’ सेटिंग ३ ते ५ अक्षरांच्या शब्दात एक बदल चालवून घेतं, त्याहून लांब शब्दात दोन. लेख शोधताना हे छानच. पैसे परत करताना मिळत्याजुळत्या नावाचं दुसरंच खातं उघडलं तर? तंतोतंत जुळलेल्या नोंदी आधी, मग ‘जवळपासची नावं’ असं वेगळं शीर्षक देऊन बाकीच्या. खाते क्रमांकाला आणि रकमेला फझी लावूच नये.

त्या ताईंच्या पॅनलमध्ये आता एकच बॉक्स आहे. नाव, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, ईमेल, काहीही टाका. परवा दुसऱ्याच कामासाठी त्यांच्या स्क्रीनवर होतो. यादी परत २५ नोंदींवर आणलेली दिसली.